वॉटरकलर अर्ध्यात आलं की घाण दिसतंच, तेव्हा या चुका टाळा

वॉटरकलरचं चित्र मधल्या टप्प्यात वाईट दिसतं. सगळ्यांचंच दिसतं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, पडला की आकाश कसं मस्त, पारदर्शक, लगेच फोटो काढून स्टेटसला टाकून मोकळे, आणि मग दुसरा थर पडला की तेच चित्र मळकं, सपाट, कुठलं काय कळेना असं होऊन बसतं. पहिल्या वॉशचा ताजेपणा गेलेला असतो आणि गडद रंग अजून आलेले नसतात, एवढंच झालेलं असतं. या टप्प्याला पुढचं काम करायचं असतं, दुरुस्ती करायची नसते. आणि माझ्या रविवारच्या बॅचला येणारे बहुतेक जण नेमकी इथंच दुरुस्ती काढतात. बोलून बोलून घसा बसला म्हणून आता लिहून काढतेय.

अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार.

वॉश मारल्यावर कागद उजेडात तिरका धरून बघा. पाणी चकाकत असेल तर अजून खेळता येतं, दुसरा रंग सोडा, मिसळा, काय करायचं ते करा. चकाकी जाऊन नुसता ओलसर मंदपणा राहिला की थांबायचं. सगळ्यात डेंजर वेळ ती. रंग बसायला लागलेला असतो पण बसलेला नसतो, आणि अशात तुम्ही पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की ते जादाचं पाणी पसरत जातं, वाटेतले रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला दातेरी रेघ उठते. याला ब्लूम म्हणतात, कोणी कॉलीफ्लॉवर म्हणतं. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेली कुरडई पुरती वाळायच्या आत उचलायला गेलं की जे होतं तेच इथं होतं.

नियम एकच, ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी. पण नवीन माणसाला ते हाताला कळायला वेळ लागतो, तोपर्यंत ब्रश खाली ठेवा. खरोखर खाली, बोटांत धरून नाही, कारण हातात ब्रश असला की तो टेकतोच. मी तर पाण्याचा मगसुद्धा टेबलावरून उचलून खाली फरशीवर ठेवते. वाळलं का हे बघायला बोटाने दाबू नका, बोटाला तेलकटपणा असतो, त्याचा डाग पुढच्या वॉशमध्ये उठतो. हाताची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागलं म्हणजे आत पाणी आहे, बाष्पीभवन चालू आहे. गार लागायचं थांबलं की पुढं जा.

आता आपल्या सोलापूरची वेगळीच तऱ्हा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा एकदम कोरडी, डोक्यावर पंखा फुल्ल, आणि वॉश डोळ्यादेखत वाळतो. व्हिडिओतला परदेशी माणूस निवांत ढग काढत बसलेला असतो, त्याच्या गावची हवा वेगळी हो, त्याचं बघून तुम्ही होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी तसं करायला गेलात तर अर्धं आकाश ओलं नि अर्धं कोरडं होणारच. मग घाबरून वाळलेल्या भागावर परत पाणी फिरवलं जातं आणि पट्टे पडतात. त्यापेक्षा सकाळी सहा-सातला बसा, पंखा बंद ठेवा, आणि मानेला नॅपकिन ठेवा कारण घामाचा थेंब पडला की तोही ब्लूमच. कागद दोन्ही बाजूंनी नीट भिजवून प्लास्टिकच्या शीटवर चिकटवला तर बराच वेळ ओला राहतो. कोणी पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकतं, त्याने वाळणं थोडं लांबतं, पण जास्त झालं की रंग चिकटच राहतो. सप्टेंबरात सगळं उलटं. आपल्याकडचा खरा पाऊस तेव्हाच, हवा दमट, कागद बघावं तेव्हा गारच. तेव्हा दोन चित्रं शेजारी शेजारी चालू ठेवायची, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर हात चालवायचा. हात शिवशिवणाऱ्यांना मी हे बाराही महिने सांगते.

किस्सा सांगते. एक इंजिनिअरिंगचा पोरगा बॅचला यायचा. हात चांगला, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, पण त्यानंतरचं सगळं शिक्षण रील्सवर. जानेवारीचे दिवस होते, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली होती, म्हणून सगळ्यांना घेऊन सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो. समोर भुईकोट किल्ल्याचा बुरूज, तटबंदी, खाली पाण्यात प्रतिबिंब. या पोराने पहिला वॉश असा घातला की बाकीचे उठून बघायला आले. तटाजवळ मातकट पिवळा यलो ऑकर, वर जाता जाता कोबाल्ट निळा, तेच खाली पाण्यात, मध्ये कुठं जोड नाही. ऊन चढलं म्हणून सगळे माझ्या घरी आलो आणि दुसरा थर तिथं सुरू झाला. बुरुजावर राखाडी-तपकिरी मधला टोन, म्हणजे ना फिका ना गडद, पडला आणि पोराचा चेहरा उतरला.

"मॅडम, लई चिखल दिसायलंय."

"दिसू दे. ब्रश ठेव खाली, वाळू दे."

मी चहा टाकायला आत गेले. चहा गाळून येईपर्यंत एवढं झालं होतं: त्याला बुरुजावर थोडा उजेड हवा होता म्हणून त्याने ओलसर वॉशमध्ये स्वच्छ पाण्याचा ब्रश टेकवला. ब्लूम उठला. तो टिश्यूने टिपला, तिथं पांढरं भोक पडलं. भोक बुजवायला घट्ट बर्न्ट अंबर भरला, त्याला कडक कड आली. ती कड वाळायच्या आत हेअर ड्रायर फुल्ल गरम करून जवळून मारला, रंग वाहत एका बाजूला गेला आणि तिथं ढीग होऊन वाळला. मग तो ढीग काढायला ऑइलचा राठ ब्रश घेऊन घासायला सुरुवात, कागदाची लोकर निघायला लागली. मी पोचले तेव्हा साहेब पांढरा पोस्टर कलर उघडत होते.

३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद, अर्धी शीट. त्याची किंमत त्यालाच विचारा.

आणि या सगळ्यात बुरुजाचा तो मूळ टोन बरोबर होता हो! त्याला फक्त तटाच्या खालची सावली, दगडांच्या दोन-चार सांध्यांची गडद रेघ आणि पाण्याला टेकतो तिथला काळपट पट्टा हवा होता. तेवढं पडलं असतं की तो चिखल आपोआप दगड झाला असता. शेजारीच एक काका बसले होते, जन्मभर चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम केलेले, ग्राफवर चौकट चौकट भरून जेकार्डची नक्षी उतरवायची. त्यांचंही चित्र त्या वेळी तितकंच मळकं दिसत होतं. ते चष्मा पुसत बसले होते. "अर्ध्यात काय कळतंय," एवढंच म्हणाले आणि चहाचा कप ओढला. संध्याकाळी त्यांच्या चित्रात किल्ला उभा होता.

रील्सचं म्हणाल तर मला रील्सचा राग नाही, त्यात वाळण्याचा सगळा वेळ कापलेला असतो याचा राग आहे. तीस सेकंदात चित्र होतं असं ज्याने पाहिलंय त्याला वीस मिनिटं थांब म्हटलं की शिक्षा वाटते.

ब्लूम आलाच तर तो तसाच पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर जराशा ओल्या मऊ ब्रशने कड हळूच भिजवा, टिश्यूने टिपा, परत वाळू द्या, मग बघा. अल्ट्रामरिन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो ब्लू, प्रशियन ब्लू, अलिझरीन हे कागदाला डाग धरतात, त्यांच्याशी भांडू नका, तिथं झाड काढा किंवा ढग काढा आणि गप्प बसा.

गडद रंगाला घाबरणे

मधल्या टप्प्यात जे मळकं दिसतं ते बहुतेक वेळा मळकं नसतंच, शेजारी गडद नसतं म्हणून तसं दिसतं. त्यात वॉटरकलर वाळल्यावर फिकट होतो, म्हणजे ओला असताना तुम्हाला जो टोन "बास, एवढा गडद पुरे" वाटला तो वाळल्यावर मधलाच निघतो. मग काय करतात, तर त्यावर परत तसाच मधला टोन. परत वाळलं, परत फिकं, परत तोच. चार थर झाले आणि सगळे एकाच उंचीचे, आता मात्र खरोखरचा चिखल झाला, कारण पारदर्शकपणा संपला.

माझी पद्धत पुस्तकी नाही. दुसरा थर वाळला की मी चित्रातली सगळ्यात गडद जागा शोधते आणि तिथं नखाएवढा ठिपका पूर्ण ताकदीचा लावून टाकते. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना, ट्यूबमधून ताजे काढलेले, पाणी अगदी नावाला. तो ठिपका पडला की बाकीचं सगळं त्याच्याशी तोलता येतं, कुठं अजून थर हवा नि कुठं नको ते कळतं. पॅलेटवर वाळून खडा झालेल्या रंगातून असा गडद निघत नाही, ब्रश घासत बसाल आणि फिकटच येईल. रंग काढायला कंजूषपणा करणारे लोक कागदाला मात्र सढळ हाताने वाया घालवतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

शंका असेल तर मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळं एकच राखाडी दिसलं तर उत्तर मिळालं. चित्र भिंतीला उभं करून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून डोळे किलकिले करून बघा. मधल्या टप्प्यातलं चित्र नाकाजवळ धरून बघणाऱ्याला नुसते डाग दिसतात.

वॉटरकलर म्हणजे फिकं फिकं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघावं. १९४५-४६ चं काम, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली बाई, लोक त्याला रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, पण तो जलरंग आहे. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर येतो तो भोवती तेवढा अंधार घातलाय म्हणून. त्या अंधाराचे थर अर्धे झाले असतील तेव्हा ते चित्र कसं दिसत असेल याचा विचार करा, आणि मग आपल्या बुरुजाकडे बघा.

बाकीच्या, पटापट

मगातलं पाणी न बदलणे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे पाणी ओतायला जिवावर येतं, समजू शकते, पण गढूळ पाण्यात धुतलेल्या ब्रशने तिसरा थर दिला तर मळकंच होणार. दोन मग ठेवा, एकात धुवायचं, दुसऱ्यातलं फक्त रंगात घ्यायचं. गढूळ झालेलं पाणी कुंडीत ओतू नका, काही रंगात विषारी घटक असतात.

तीन-चार रंग एकत्र कालवणे. दोन घ्या. स्वस्त सेटमध्ये एकेका रंगात बऱ्याचदा आधीच दोन-दोन पिगमेंट, म्हणजे मूळ रंगद्रव्यं, असतात, त्यामुळे तुमचे चार म्हणजे आठ झाले.

खालचा थर ब्रशने चोळणे. वाळलेला वॉटरकलरसुद्धा पाण्याने परत विरघळतो, त्यातला डिंक विरघळतो ना. वरचा थर मोठ्या मऊ ब्रशने, एकदाच फिरवायचा. परत मागे यायचं नाही, "इथं जरा कमी पडलं" वाटलं तरी नाही.

पानं, खिडक्या, पक्षी, विजेच्या तारा आधी काढणे. मधला टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तपशिलात पळतात, आणि मग पुढचा वॉश त्या तपशिलांना वळसे घालत मारावा लागतो. दोन नंबरचा बारीक ब्रश तोपर्यंत कपाटात ठेवा, मी काही पोरांचा काढून घेते.

हेअर ड्रायर. वापरा, मीही वापरते, पण चकाकी गेल्यावरच, हातभर लांबून, कमी गरम. वरून वाळलेला वाटला तरी आत ओल असते, कागद थंड होऊ द्या आणि मग हाताच्या मागच्या बाजूने बघा. मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा भाग झाकून ठेवायला लावतात ते रबरी द्रव) लावलेलं असेल तर ड्रायर अजिबात नाही, ते कागदाला धरून बसतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. उन्हाळ्यात फ्लुइड लावून आठवडाभर विसरलात तरी तेच.

चित्र उन्हात वाळत घालणे. चादर आहे का ती?

मधल्या टप्प्यात कागद बोर्डाला चिकटवलेली टेप काढून "बघू तरी कसं दिसतंय" करणे. कागद ओलसर असेल तर लगेच वाकतो, परत सपाट बसत नाही आणि पुढचा वॉश खड्ड्यात साचतो. टेप चित्र संपल्यावर, कागद पूर्ण वाळल्यावर काढायची. उन्हाळ्यात टेपचा गोंद जास्तच धरतो, तेव्हा ड्रायरने टेप थोडी कोमट करा आणि चित्राच्या बाहेरच्या बाजूला, तिरकी, सावकाश ओढा.