नव्या गावातली शाळा : शिक्षकाची पहिल्या वर्षाची तयारी

गोव्यात सत्तरी-पेडण्यातल्या आडगावात, जेमतेम वीस-पंचवीस मुलांच्या सरकारी प्राथमिक शाळेत बदली झाली की आधी एक वही घ्या आणि तिच्यात गावाचं पंचांग उतरवायला लागा. शाळेचं वेळापत्रक खात्याकडून येतंच. गावाचं मात्र देवळाच्या मंडपात, दुकानाच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारूनच मिळतं. जत्रा कधी, काला कधी, धालो (बायकांची नाचगाणी) कुठल्या मांडावर, शिगम्याचे (होळीच्या सणाचे) मेळ कोणत्या दिवशी घरोघर फिरतात, लावणीची घाई कधी, काजूच्या बागायतीत माणसं कधीपासून जातात, सगळं लिहून ठेवा. काजूच्या दिवसांत सकाळची पालकसभा ठेवली तर रिकाम्या खुर्च्यांशीच बोलावं लागेल. रविवारची संध्याकाळ बरी. सत्तरीतल्या होंडा-पिसुर्लेच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या बापांपैकी निदान काही जण तेव्हा सापडतात.

अंगणवाडी सेविकेला पहिल्याच आठवड्यात भेटा. पुढच्या वर्षी पहिलीत येऊ शकणारी मुलं तिच्या रजिस्टरात असतात, आणि कुठल्या घराचा कल शहराकडच्या शाळेकडे झुकलाय तेही तिला आपल्याआधी कळतं. त्या घरी एकदा जाऊन या. माध्यमाचा वाद घालू नका, त्यात कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. शेजारचं दुसरीतलं मूल सोबत न्या आणि त्याला आजीसमोर एक गोष्ट वाचू द्या.

कागदाचं काम थोडक्यात उरकतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या सदस्य बायका. नावं भरणं सोपं, बोलतं करणं कठीण. माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या गटातल्या बायका गावातल्याच असल्या तर त्यांच्याशी आधी ओळख वाढवा. मुलं भाजी कुठल्या दिवशी टाकतात इथपासून कुठल्या घरी आजारपण आहे इथपर्यंत त्यांना माहीत असतं. कुंपण, गटार, शाळेकडची पायवाट असली कामं ग्रामसभेत नेण्यापूर्वी वाड्याच्या पंचाच्या (पंचायत सदस्याच्या) कानावर घाला, नाहीतर तो उगाच रुसतो. पंचायतीला अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

खरी मेहनत चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यात करा. गावातल्या जाणत्या माणसांना शाळेत आणायला माटोळीइतकं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीइतकं, चांगलं निमित्त नाही. मात्र शेवटच्या चार दिवसांत कुणालाही बोलावू नका. तेव्हा जाणकार रानात असतो आणि काही घरं माल घेऊन माटोळीच्या बाजारात. रानाची माहिती असलेले एक आजोबा आणि एक आजी अशी दोघं सांगून ठेवा. बांबूची छोटी चौकट, सुपारीचं शिपटं, नारळांचा घोस, तोरिंजन, आंबाडे, कांगलां असली फळं, जे सहज मिळेल ते जमवा. सुतळी विकत आणू नका. आजोबांना केवणीची साल आणायला सांगा. ती पायाच्या अंगठ्यात धरून मांडीवर पीळ देत ते दोर वळू लागले की चौथीतला सर्वांत दंगेखोर पोरगाही सरकत सरकत पुढे येऊन बसतो. मुलांनी प्रत्येक फळाची चिठ्ठी करायची : नाव, कुठे मिळालं, कशाला वापरतात. नावावरून आजी-आजोबांचं जुंपेल. जुंपू द्या, आणि दोन्ही नावं लिहा. एक सूचना मुलांना आधीच द्या : माटोळीला बांधतात ते सगळंच खायचं नसतं. त्या दिवशी तोंडात काही घालायचं नाही. गावात ख्रिस्ती घरं असतील तर ऑगस्टमधल्या कणसाच्या फेस्ताच्या वेळी नव्या भाताची कणसं त्यांच्या मुलांकडून वर्गात येऊ द्या. भात दोन्हीकडे तेच, त्यावर अख्खा परिसर अभ्यास शिकवून होतो.

गॅदरिंगला वेगळा मंडप कशाला? जत्रेच्या नाटकासाठी रंगमंच, पडदे, लाईट, माईक सगळं उभं असतंच. देवस्थान समितीला महिनाभर आधी भेटून आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ मागा. नाटकवाल्यांतलाच कुणीतरी मुलांची रंगभूषा करायला हौसेने तयार होतो. मुलांचा कार्यक्रम साडेआठच्या आत संपवा. शेवटची बस पकडणारे पाहुणेही असतात.

पैसे लागतीलच. पावणी, म्हणजे लिलाव, हा इथला जुना मार्ग : केळ्यांचा घड किंवा नारळ मांडला की बोली बाजारभावाच्या कितीतरी वर जाते, कारण पैसे चांगल्या कामाला चाललेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती शिक्षकाने स्वतः करू नये. पालकांनी करावी, रक्कम तिथल्या तिथे दोघांनी मोजून वहीत लिहावी आणि बँकेत भरावी. कशाला किती खर्च झाले त्याचा कागद गावातल्या दुकानाच्या दारावर लावा. शाळेच्या फलकावर लावला तर तो मुलांशिवाय कुणी वाचणार नाही.