कामाच्या खोलीतच रेडिओ : गोंगाट कसा शोधावा आणि वेळ कशी राखावी

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तंत्रज्ञान सल्लागाराने घरातल्या कामाच्या खोलीतच हौशी रेडिओ केंद्र, म्हणजे छंद म्हणून जगभरच्या लोकांशी रेडिओवरून बोलण्याची जागा, मांडायचे ठरवले, की त्याला पहिली काळजी वाटते ती जागेची. प्रत्यक्षात अडचण वेगळीच निघते. लॅपटॉपचा चार्जर, दुसरा मॉनिटर, राउटर, यूपीएस आणि एलईडी दिवे यांच्यावर त्याचे पोट चालते, आणि लघुलहरींवरचे (शॉर्टवेव्हवरचे) क्षीण संदेश बुडवून टाकणारा विद्युत गोंगाटही नेमकी हीच साधने करतात; उलट, रेडिओवरून प्रेषण सुरू झाले की हीच साधने बिथरतात. म्हणून या दोघांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे हेच मुख्य काम आहे, आणि ते महागडा रेडिओ घेण्याच्या आधी करावे. पुढचे सर्व विवेचन परवाना हाती आहे असे धरून केले आहे.

सुरुवात मोजणीपासून करावी. सुट्टीच्या दिवशी संगणक नीट बंद करावेत, ग्राहकाचे कोणतेही काम मागे चालू नाही याची खात्री करावी आणि घरातल्यांना सांगून ठेवावे. मग रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिथे कोणी बोलत नाही अशी जागा शोधावी, आणि एस-मीटरचा, म्हणजे येणाऱ्या लहरीची ताकद दाखवणाऱ्या मापकाचा, काटा कुठे उभा आहे ते वहीत लिहावे. यानंतर घराचा मुख्य स्विच आणि बॅटरीवर चालू राहणारा यूपीएस बंद करावेत. काटा खाली आला तर दोष आपल्याच घरात आहे; जागचा हलला नाही तर तो बाहेरून येत आहे. घरातलाच असेल तर सगळे एमसीबी खाली पाडून मुख्य स्विच पुन्हा चालू करावा, मग एकेक एमसीबी वर करत जावे आणि ज्या एमसीबीला काटा उसळतो त्याच्यावरची उपकरणे एकेक करून काढावीत. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम सल्लागाराला वेगळा शिकवावा लागत नाही. आश्चर्य एवढेच, की दुसऱ्यांच्या यंत्रणेत तो काटेकोरपणे पाळणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र तीन प्लग एकदम उपटतो.

माझ्या खोलीत गुन्हेगार निघाला तो मॉनिटरचा छोटासा अडॅप्टर, आणि तोही मॉनिटर बंद असताना. प्लग काढताच काटा एस-७ वरून एस-३ वर आला. एका एस-एककाची पायरी ६ डेसिबलची मानली जाते, म्हणजे ही घट २४ डेसिबलची, शक्तीच्या हिशेबात सुमारे २५० पट. बहुतेक रेडिओंचे एस-मीटर इतके नेमके नसतात, त्यामुळे हा आकडा केवळ तुलनेसाठी घ्यावा. परंतु त्या संध्याकाळी जे आवाज ऐकू आले ते आदल्या दिवशीही तिथे होतेच, फक्त अडॅप्टरखाली गाडले गेले होते. असे स्विच-मोड अडॅप्टर, म्हणजे वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारे अडॅप्टर, ओळखण्याची खूण सोपी आहे. आतील स्विचिंग ६५ किलोहर्ट्झवर होत असेल तर दर ६५ किलोहर्ट्झच्या अंतराने एक खरखरीत गुणगुण भेटते, आणि वॉटरफॉलवर, म्हणजे पट्ट्यातल्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या चित्रात, ती सारख्या अंतराच्या, हळूहळू सरकणाऱ्या धूसर पट्ट्यांसारखी दिसते.

शक्य असेल तिथे असा अडॅप्टर सरळ बदलावा. ते जमत नसेल तर वायरीवरचा गोंगाट अडवणारे फेराइटचे (एका चुंबकीय पदार्थाचे) कडे वापरावे, पण ते कसे वापरायचे हे नीट समजून घ्यावे. वायरीवर चाप लावल्यासारखा बसवलेला एक मणी ७ मेगाहर्ट्झला फारसे काही करत नाही, कारण त्यातून वायर एकदाच जाते. अवरोध हा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन वेढे घेतले तर परिणाम सुमारे नऊपट होतो. लघुलहरींच्या खालच्या पट्ट्यांसाठी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे कडे घ्यावे, त्याचे भोक प्लग आरपार जाईल एवढे मोठे असावे, आणि वेढे उपकरणाच्या अगदी जवळ द्यावेत.

अँटेना खोलीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी. अर्धलहरी डायपोलची, म्हणजे मधोमध जोडणी असलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या अँटेनाची, लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे, १४.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे १०.१ मीटर येते. तार थोडी जास्त ठेवून मग एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली आहे ते सांगणारे माप) पाहत पाहत कापावी. जिथे कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल) डायपोलला मिळते तिथे कोॲक्सचेच दहा-बारा वेढे फेराइटच्या कड्यावर घेऊन चोक, म्हणजे नको असलेला प्रवाह अडवणारी गुंडाळी, करावा. कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून वाहणारा प्रवाह घरातला गोंगाट रेडिओपर्यंत पोहोचवतो आणि प्रेषणाच्या वेळी तोच प्रवाह आपली लहर टेबलावर आणून सोडतो. एका चोकने दोन्ही दुखणी कमी होतात. वादळाची चिन्हे दिसू लागण्याआधीच कोॲक्स सोडवून घराबाहेर ठेवावी.

चोक बसवण्याआधी मी एक चूक केली. एका कानाने ग्राहकाची बैठक ऐकत आणि एका डोळ्याने एफटी८, म्हणजे संगणकाच्या मदतीने छोटे संदेश पाठवण्याची डिजिटल रेडिओ पद्धत, पाहत मी कुणाला तरी उत्तर देत होतो. एफटी८ मध्ये दर १५ सेकंदांचा एक खंड असतो आणि प्रेषण त्यातले १२.६४ सेकंद चालते. प्रत्येक प्रेषणाबरोबर माझा यूएसबी हेडसेट संगणकापासून सुटत होता, त्यामुळे दर अर्ध्या मिनिटाला माझा आवाज गायब होत होता आणि ग्राहक माझ्या इंटरनेटबद्दल हळहळत होता. म्हणून नवी मांडणी झाली की आधी १० वॅटवर प्रेषण करावे, त्याच वेळी हेडसेटवरून स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा, आणि मगच शक्ती वाढवावी.

एफटी८ चे संभाषण दीड मिनिटात आटोपते, म्हणून दोन बैठकींच्या मध्ये ते सहज बसेल असे वाटते. माझ्या मते हाच सापळा आहे. त्याऐवजी लहरींचे वेळापत्रक पाहून आठवड्यातले काही अर्धे तास कॅलेंडरमध्ये बैठकीसारखेच राखून ठेवावेत: १४ मेगाहर्ट्झसाठी दिवसाचे, ७ मेगाहर्ट्झसाठी सूर्यास्ताच्या आसपासचे. भिंतीवर एक घड्याळ यूटीसीचे, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेचे, लावावे. संपर्काची नोंद त्याच वेळेत करायची असते, आणि दूरदेशीच्या ग्राहकांशी वेळ ठरवतानाही ते उपयोगी पडते. रेडिओचे सॉफ्टवेअर ग्राहकाने दिलेल्या लॅपटॉपवर कधीही टाकू नये. त्यासाठी एक छोटा वेगळा संगणक ठेवावा आणि त्याचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवत राहावे, कारण एफटी८ ला सेकंदाच्या आसपासची अचूकता लागते.

कायद्याची भिंत मात्र आधीच उभी आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार हौशी सेवा आर्थिक हितसंबंधाविना चालवायची असते, आणि संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. त्यामुळे ग्राहकाचा निरोप, कामाची विचारणा किंवा कोणत्याही प्रकल्पाचा तपशील लहरींवर जाऊ देऊ नये. समोरच्याने व्यवसाय विचारला तर एका वाक्यात सांगून अँटेनाकडे वळावे.

नवा मॉनिटर, नवा चार्जर किंवा नवा दिवा घरात आला की त्याच संध्याकाळी रेडिओ बॅटरीवर लावून काटा पुन्हा पाहावा आणि वहीतल्या पहिल्या नोंदीशी ताडावा. वस्तू परत करण्याची मुदत संपायच्या आत हे झालेले बरे.