जनुकीय बहुरूपता आणि रोगप्रवणता: संबंध शोधताना या चुका टाळा

अमुक जनुकातील बहुरूपतेचा (डीएनएच्या एकाच जागी माणसामाणसांत आढळणाऱ्या फरकाचा) अमुक आजाराशी संबंध आढळला, असे सांगणारे निष्कर्ष सातत्याने प्रसिद्ध होतात आणि त्यांतले बरेचसे पुढच्या, मोठ्या अभ्यासात टिकत नाहीत. त्याचे खापर सहसा संख्याशास्त्रावर फुटते. माझ्या मते दोष बहुतेक वेळा त्याआधीच शिरलेला असतो. रुग्णगट आणि नियंत्रण गट (तुलनेसाठी घेतलेली, आजार नसलेली माणसे) यांचे रक्त वेगवेगळ्या वेळी घेतलेले असते, नमुने वेगवेगळ्या प्लेटवर लावलेले असतात किंवा दोन्ही गटांतील माणसांची वंशपरंपराच वेगळी असते, आणि हा फरक शेवटी अलीलच्या (जनुकाच्या एका पर्यायी रूपाच्या) वारंवारितेतील फरक म्हणून तक्त्यात उमटतो. म्हणून पी-मूल्य (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली उतरले की शोधनिबंध लिहायला घेण्याआधी जेलची (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराची) छायाचित्रे आणि प्लेटच्या नोंदी पुन्हा काढून पाहाव्यात.

जीनोटाइप वाचतानाच होणारी चूक

जीनोटाइप म्हणजे माणसाकडे असलेली दोन अलीलची जोडी. ती चुकीची वाचली जाण्याचे चांगले उदाहरण म्हणजे एसीई (रक्तदाबाशी निगडित एन्झाइमचे जनुक) यातील बहुरूपता. या जनुकाच्या सोळाव्या इन्ट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात) २८७ बेस-जोड्यांचा ‘आलू’ (Alu) नावाचा तुकडा काही गुणसूत्रांवर असतो, काहींवर नसतो. तो असेल तर आय अलील, नसेल तर डी अलील. नेहमीचे प्रायमर (प्रती काढायची जागा ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) केल्यास आय अलीलचा पट्टा सुमारे ४९० आणि डी अलीलचा सुमारे १९० बेस-जोड्यांवर दिसतो. पीसीआरमध्ये आखूड तुकड्याच्या प्रती अधिक सहज तयार होतात. त्यामुळे आयडी, म्हणजे हेटरोझायगस (दोन वेगवेगळे अलील असलेल्या) नमुन्यात वरचा पट्टा कधी कधी इतका फिकट पडतो की तो नजरेतून सुटतो आणि नमुना डीडी म्हणून नोंदला जातो. डीएनए जुना किंवा तुटलेला असेल तर हे अधिक घडते. यावरचा उपाय बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे: डीडी वाचलेला प्रत्येक नमुना आलू तुकड्याच्या आत बसणाऱ्या प्रायमरने पुन्हा चालवावा, आणि ३३५ बेस-जोड्यांचा पट्टा उमटला तर तो आयडी धरावा. तरीही वेळ वाचवण्यासाठी हा टप्पा वगळला जातो.

त्याचा परिणाम किती होतो, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल. नियंत्रण गटातील २०० जणांमध्ये खरे जीनोटाइप आयआय ७२, आयडी ९६ आणि डीडी ३२ असे आहेत. म्हणजे डी अलीलची वारंवारिता ४० टक्के आहे आणि हार्डी-वाइनबर्ग समतोल (अलीलच्या वारंवारितेवरून अपेक्षित असलेले जीनोटाइपांचे प्रमाण) तंतोतंत साधलेला आहे. आता आयडीपैकी १५ नमुने डीडी म्हणून वाचले गेले, तर आकडे ७२, ८१ आणि ४७ असे होतात. डीची वारंवारिता ४३.७५ टक्क्यांवर जाते. या वारंवारितेनुसार हेटरोझायगस सुमारे ९८ अपेक्षित असताना हाती ८१ च लागतात, आणि काय-वर्ग मूल्य (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतील तफावतीचे माप) ६.३ च्या आसपास, म्हणजे ०.०५ या पातळीसाठीच्या ३.८४ या मर्यादेच्या बरेच वर जाते. हीच चूक फक्त रुग्णगटात झाली, कारण त्यांचे नमुने फ्रीजरमध्ये अधिक काळ पडून होते, तर डी अलील आजाराशी जोडला गेल्याचा आभास सहज निर्माण होतो.

समतोलाची चाचणी मुख्यतः नियंत्रण गटावर लावायची असते. रुग्णगटात समतोल ढळणे हे खऱ्या संबंधाचेही लक्षण असू शकते, त्यामुळे तेवढ्यावरून ती बहुरूपता गाळून टाकणे बरोबर नाही. उलट, चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे वाचन बिनचूक आहे असेही समजू नये, कारण लहान गटात ही चाचणी फारच दुबळी असते. रेस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठरावीक अक्षरक्रमावर कापणारे एन्झाइम) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी: एन्झाइमची क्रिया अपुरी राहिली तर दोन्ही प्रतींवर कापला जाणारा नमुनाही हेटरोझायगस दिसतो. म्हणून कापण्याची आणखी एक कायम जागा असलेला तुकडा निवडावा, म्हणजे एन्झाइमने काम केले की नाही हे त्याच जेलवर कळते. रुग्ण आणि नियंत्रण यांचे नमुने प्रत्येक प्लेटवर मिसळून लावावेत, वाचणाऱ्याला गट माहीत नसावा आणि काही नमुने ओळख लपवून दुसऱ्यांदा तपासावेत.

असंख्य बहुरूपता एकदम वाचणाऱ्या मोठ्या चिपांवरील अभ्यासही यातून सुटत नाहीत. शंभरी गाठलेल्या व्यक्तींच्या जनुकीय वैशिष्ट्यांवरचा, २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला शोधनिबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला. वापरलेल्या एका प्रकारच्या चिपमधील तांत्रिक त्रुटी आणि अपुरी गुणवत्ता-तपासणी ही त्यामागची कारणे होती.

वंशपरंपरेची सरमिसळ

अमेरिकेतील पिमा या मूळनिवासी समाजावरचे १९८८ मधील काम आजही शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. या समाजात टाइप-२ मधुमेहाचे प्रमाण अतिशय जास्त आहे. जीएम या प्रतिपिंडांशी निगडित जनुकांतील एक हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणाऱ्या अलीलचा संच) ज्यांच्यात होता, त्यांच्यात मधुमेह बराच कमी आढळला. वरवर पाहता हा हॅप्लोटाइप संरक्षक वाटतो. प्रत्यक्षात तो युरोपीय पूर्वजांची खूण होता. ज्यांच्यात युरोपीय वारसा अधिक, त्यांच्यात तो हॅप्लोटाइपही अधिक आणि मधुमेह कमी. वारशाचे प्रमाण लक्षात घेऊन विश्लेषण केल्यावर तो संबंध जवळजवळ नाहीसा झाला.

हे टाळण्यासाठी दोन्ही गट एकाच लोकसमूहातून घ्यावेत हे खरे, पण ‘एकच लोकसमूह’ असे नुसते लिहून भागत नाही. संपूर्ण जीनोमची माहिती हाती असेल तर मुख्य घटक विश्लेषण (जनुकीय फरकांतून वंशपरंपरेतील मोठे भेद वेगळे काढणारी पद्धत) करून त्यातले पहिले काही घटक संख्याशास्त्रीय प्रतिमानात घालावेत. ती नसेल तर वंशपरंपरा दर्शवणारे काही निवडक मार्कर (खूण म्हणून वापरायच्या बहुरूपता) तपासावेत किंवा आई-वडील आणि रुग्ण अपत्य यांच्यावर आधारलेली संक्रमण-असमतोल चाचणी वापरावी, कारण तीत तुलना एकाच कुटुंबातील संक्रमित (अपत्याकडे गेलेल्या) आणि असंक्रमित (न गेलेल्या) अलीलमध्ये होते. चाचणी-मूल्यांची एकूण फुगवट मोजणारा लॅम्डा १ पेक्षा जास्त आला म्हणून लगेच घाबरू नये. असंख्य जनुकांचा थोडा थोडा हातभार असलेल्या आजारात, मोठ्या अभ्यासात, तो सरमिसळ नसतानाही वाढतो. अशा वेळी लिंकेज असमतोलावर (जवळजवळच्या बहुरूपता एकत्र वारशाने येण्यावर) आधारित प्रतिगमनाचा आंतरछेद पाहिल्यास दोन्ही कारणे बऱ्याच अंशी वेगळी करता येतात.

दुसऱ्या गटात परिणाम उलटा आला तर

पहिल्या गटात धोका वाढवणारा अलील दुसऱ्या गटात संरक्षक ठरला की ‘हा लोकसमूहांतील फरक आहे’ असे स्पष्टीकरण लगेच पुढे येते. त्याआधी डीएनएच्या दोन पूरक धाग्यांपैकी कोणता वाचला गेला ते तपासावे. ए/जी बहुरूपता दुसऱ्या प्रयोगशाळेने उलट धाग्यावरून टी/सी अशी नोंदवली तर विसंगती लगेच ध्यानात येते. पण ए/टी किंवा सी/जी असेल तर दोन्ही धाग्यांवर तीच अक्षरे दिसतात आणि अदलाबदल गुपचूप होते. वारंवारितेवरून अंदाज बांधता येतो, मात्र ती ५० टक्क्यांच्या जवळ असेल तर तोही मार्ग बंद होतो, आणि अशी बहुरूपता एकत्रित विश्लेषणातून वगळणेच शहाणपणाचे. संदर्भ म्हणून वापरलेल्या जीनोमची आवृत्तीही पाहावी; २००९ च्या जीआरसीएच-३७ मधील स्थान-क्रमांक २०१३ च्या जीआरसीएच-३८ मध्ये तेच राहतात असे नाही.

अपुरा नमुना, भरमसाठ चाचण्या

ज्या अलीलची वारंवारिता २० टक्के आहे आणि ज्याचे ऑड्स गुणोत्तर (अलीलमुळे आजाराची शक्यता किती पट होते याचे माप) १.२ आहे, तो ०.०५ या पातळीवर ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १४०० माणसे लागतात. संपूर्ण जीनोमच्या शोधात वापरली जाणारी पातळी, म्हणजे एक कोटीत ०.५, लावली तर हीच संख्या सुमारे ७००० होते. शंभर-दीडशे जणांच्या गटात असा परिणाम ‘सापडला’, तर तो योगायोग तरी असतो किंवा फुगलेला तरी. अपवाद आहेत: कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच (रोगप्रतिकाराशी निगडित प्रथिनाचे जनुक) आणि वयोमानानुसार होणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास यांचा संबंध २००५ मध्ये ९६ रुग्ण आणि ५० नियंत्रण व्यक्तींवरच दिसला होता, पण तिथे परिणामच असामान्य मोठा होता.

चाचण्यांची मोजदाद करताना प्रामाणिक राहणे अवघड जाते. वीस बहुरूपता आणि प्रत्येकीसाठी डॉमिनंट (एक प्रत पुरेशी), रिसेसिव्ह (दोन्ही प्रती लागणारे) व अ‍ॅडिटिव्ह (प्रत्येक प्रतीगणिक परिणाम वाढणारे) अशी तीन प्रतिमाने तपासली की साठ चाचण्या होतात, आणि कुठलाही खरा संबंध नसतानाही त्यांतल्या सरासरी तीन ‘अर्थपूर्ण’ ठरतात. निबंधात मात्र एकच प्रतिमान दाखवले जाते. प्रतिमान आधी ठरवून लिहून ठेवावे. नैराश्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यासलेल्या १८ उमेदवार (आधीच्या अंदाजावरून निवडलेल्या) जनुकांची २०१९ मध्ये मोठ्या नमुन्यांवर फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतील एकाच्याही बाजूने ठोस पुरावा मिळाला नाही.

मार्करलाच कारण समजणे

२००७ मध्ये एफटीओ जनुकातील बहुरूपता टाइप-२ मधुमेहाच्या शोधातून पुढे आली. शरीरभार निर्देशांक विचारात घेताच मधुमेहाशी असलेला संबंध मावळला आणि खरा संबंध स्थूलतेशी असल्याचे स्पष्ट झाले. पुढे असेही दिसले की एफटीओच्या इन्ट्रॉनमधील हा प्रदेश दूरच्या आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ या जनुकांच्या नियंत्रणात भाग घेतो. जवळच्या जनुकाचे नाव देऊन मोकळे होण्याआधी त्या भागातील लिंकेज असमतोल पाहावा आणि संबंध कोणत्या मधल्या गुणधर्मातून जातो याचा विचार करावा.

रुग्णाला सांगताना

ऑड्स गुणोत्तर १.३ आणि मूळ धोका १ टक्का असेल, तर वाहकाचा धोका सुमारे १.३ टक्के होतो. अहवालात ‘धोका ३० टक्क्यांनी जास्त’ एवढेच छापले तर वाचणारा निष्कारण हादरतो. एचएलए-बी२७ हा अलील आणि अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा दाहक आजार) यांचा संबंध या क्षेत्रातील सर्वांत बळकट संबंधांपैकी एक आहे, तरीही या अलीलच्या बहुसंख्य वाहकांना तो आजार कधीच होत नाही. एपीओई जनुकाच्या ई४ अलीलचा अल्झायमरवरील परिणामही आफ्रिकी वंशाच्या लोकांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा कमी आढळतो. म्हणून गुणोत्तरासोबत प्रत्यक्ष धोका, वय आणि तो आकडा कोणत्या लोकसमूहातून आला, हे त्याच पानावर द्यावे. पुरवणीतल्या तक्त्यात दिलेली माहिती समुपदेशकापर्यंत पोहोचत नाही.