मोटरहोमच्या टायरसाठी व्हॉल्व्ह निवडताना
मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) किंवा जड व्हॅनचे टायर घेताना त्यांची भारक्षमता आपण बारकाईने पाहतो, परंतु हवा भरण्याच्या व्हॉल्व्हची चौकशी क्वचितच करतो. चाकाच्या छिद्रात ओढून बसवले जाणारे साधे रबरी व्हॉल्व्ह, उदाहरणार्थ टीआर ४१३ किंवा टीआर ४१४, थंड टायरमधील सुमारे ६५ पीएसआय, म्हणजेच ४.५ बार दाबापर्यंतच वापरायचे असतात. जड गाड्यांच्या मागच्या टायरांना मात्र अनेकदा याहून अधिक दाब लागतो. अशा चाकांना रबरी सील आणि नट लावून आवळलेला धातूचा व्हॉल्व्हच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उच्च दाबाचे रबरी व्हॉल्व्हही मिळतात, पण ते घेतल्यास त्यांची कमाल दाबमर्यादा उत्पादकाच्या माहितीतून पडताळून पाहावी, नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. छिद्राचे माप जुळणे अर्थातच आवश्यक आहे. रबरी व्हॉल्व्हवर धातूची लांब नळी किंवा टोपणाच्या जागी बसणारा दाबमापक सेन्सर लावणे टाळावे, कारण चाक वेगाने फिरताना त्या वजनामुळे रबराचा देठ सतत वाकतो आणि कालांतराने मुळाशी चिरतो. टायर बदलताना रबरी व्हॉल्व्ह नवाच बसवून घ्यावा. धातूचा असल्यास निदान त्याचे सील बदलावे.