थीम पार्कची सहल आणि खान्देशी डबा : कमी पैशात पोटभर, नीट खायचं कसं

अमळनेरहून रात्री दहाला भाड्याची क्रूझर जीप निघाली की धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट करत सकाळी खोपोलीच्या अलीकडे उजाडतं. खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाणारी खान्देशातली बहुतेक कुटुंबं अशीच रात्रभर प्रवास करून जातात. शिर्डीच्या वॉटर पार्कला जाणारे पहाटे निघून मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव मार्गे पोचतात. दोन्हीकडे तिकिटाचा खर्च आधीच ठरलेला असतो. हिशेब कोलमडतो तो खाण्यात, आणि तब्येतही तिथंच बिघडते.

आमची पहिली सहल अशीच झाली. पार्कचं नाव घेत नाही. आम्ही सहा जण होतो: मी, हे, सासूबाई, नणंद आणि तिची दोन मुलं. सकाळी चहा-बिस्किटांवर आत शिरलो. दीड वाजता भाचा म्हणाला, "मामी, माले भूक लागनी," आणि आम्ही जेवणाच्या रांगेत उभे राहिलो. रांग पाऊण तासाची. सासूबाईंना मधुमेह आहे, सकाळची गोळी घेतलेली. रांगेतच त्यांची रक्तातली साखर खाली गेली, हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी होती म्हणून निभावलं. मुलांनी तोवर समोरच्या स्टॉलवरून तळलेले बटाटे आणि कोला घेतला होता, तो परतीच्या वाटेवर इगतपुरीच्या आधी उलटून पडला. एका वेळच्या खाण्याला अडीच हजारांवर पैसे गेले आणि नीट कुणीच जेवलं नव्हतं.

तेव्हापासून दर सहलीला मी खाण्याची आखणी आधी करते, झोपाळ्यांची, म्हणजे राइड्सची, नंतर. भूक लागल्यावर ठरवायला बसलं की महाग आणि तळकट तेच हातात येतं. म्हणून ठरवायचं ते घरून निघण्याआधी.

चार-पाच दिवस आधी : एक फोन

पार्कच्या संकेतस्थळावर नियम लिहिलेले असतात, तरी फोन करून विचारा. बाहेरचं खाणं आत चालत नाही, हे जवळजवळ सगळीकडे आहे. त्यावरून दारात हुज्जत घालू नका. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळासाठी आई-बापांनी आणलेलं खाणं अडवायचं नाही. निकाल सिनेमागृहांचा आहे, पण दारावरच्या पहारेकऱ्याशी भांडून काही हाती का लागत नाही, हे त्यावरून कळतं.

फोनवर एवढं विचारून घ्या: रिकामी बाटली आत नेता येते का आणि पाणी भरायची सोय कुठं आहे, बाळाचं खाणं आणि औषधं चालतात का, मधुमेही माणसाजवळ थोडा सुका खाऊ ठेवता येईल का, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुपारी बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का. हातावर शिक्का मारून परत आत सोडत असतील तर निम्मा प्रश्न सुटला. दुपारचा डबा गाडीपाशी खाता येतो.

जेवणासकट तिकीट मिळत असेल तर लगेच भुलू नका. त्या जेवणाचे माणशी किती पैसे पडतात ते तिकिटातून वेगळं काढून बघा. सहा-सात वर्षांचं पोर बुफेतलं दोन घास खाऊन पळतं, त्याच्या नावानं पूर्ण ताट घेण्यात अर्थ नाही. मोठ्यांसाठी मात्र ते कधीकधी परवडतं.

आदल्या दिवशी : दशम्या

प्रवासाला दशमी हे आपल्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलेलं आहे, आणि त्याला कारण आहे. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली कणीक मऊ राहते, पोळीसारखी दुसऱ्या दिवशी चामट होत नाही. सहा जणांच्या सकाळच्या खाण्याला अर्धा किलो गव्हाचं पीठ पुरतं, दुपारचाही डबा न्यायचा तर सगळं दुप्पट घ्या. त्यात मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर हळद आणि ओवा. मुलांसाठी निम्म्या पिठात गूळ घाला. गूळ दुधात आधी विरघळवून घ्या, पण दूध कोमट असू द्या, गरम दुधात गूळ टाकला तर ते फाटतं. पीठ घट्टच भिजवायचं. लाट्या लिंबाएवढ्या. तव्यावर दोन्ही बाजूंनी तेल लावून खरपूस भाजायच्या, डाग पडेपर्यंत.

आता ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते: तव्यावरून काढलेली दशमी लगेच दुसरीवर ठेवू नका. सुती फडक्यावर एकेक पसरा. हात लावून बघा, मधोमध गारवा लागला पाहिजे. वाफ धरलेली दशमी डब्यात घातली की झाकणाला आतून थेंब येतात, आणि सकाळी वास लागतो. गार झाल्या की फडक्यात गुंडाळून डबा. अर्ध्या किलोच्या चौदा-पंधरा होतात. थंडीत दोन दिवस टिकतात. उन्हाळ्यात, आपल्याकडे भुसावळ-जळगावात पारा चाळिशीच्या पुढं असतो तेव्हा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायच्याच.

सोबत सुकी शेंगदाण्याची चटणी, तिखट खाणाऱ्यांना लसणाची. भरीत नेऊ नका. भरीत आपल्या जिवाचं आहे हे मलाही मान्य आहे, पण ओलं वांगं, कांद्याची पात आणि उकाडा यांचं जमत नाही. तसंच भात, उसळ, शेवभाजीचा रस्सा, उकडलेले बटाटे, दही हेही. शिजवलेला ओला पदार्थ एरवीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही, आणि बंद गाडीत तर तासभरही नाही. उन्हात उभ्या गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा खूप जास्त तापतं.

गाडीत ठेवायला खरं सोपं खाणं सुकंच आहे: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि पोटाला आधार राहतो. वेफर्सच्या पुड्यात हवा जास्त, आधार कमी.

आणि केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यातली केळी सोडून पार्कातल्या फळांच्या वाटीला पैसे मोजणं मला पटत नाही. जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. प्रवासासाठी पूर्ण पिकलेली घेऊ नका. देठाकडं हिरवट, बोटानं दाबली तर करकरीत, अशी डझनभर घ्या. पिशवीत तळाशी कोंबू नका. गाडीत खुंटीला फणीच टांगून ठेवली की सकाळपर्यंत बरोबर खायला येतात.

सकाळी, दारापाशी

पार्क उघडायच्या तासभर आधी पोचा. हातपाय धुऊन, सावली बघून सगळ्यांनी बसून खा: दोन दशम्या, चटणी, एक केळं, आणि बाहेरच्या टपरीवरचा चहा किंवा दूध. हे खाणं पोटभर झालंच पाहिजे. मुलं गडबड करतात, आतले आवाज ऐकू येत असतात, तरी उठू देऊ नका. इथली वीस मिनिटं दुपारचे कितीतरी रुपये वाचवतात. सकाळी दशमी खाल्लेलं पोर बारा वाजेपर्यंत काही मागत नाही, हे मी चार सहलींत बघितलं आहे.

मग तपासणीच्या आधी सगळा खाऊ डब्यात घालून गाडीत ठेवा. बरोबर फक्त रिकाम्या बाटल्या, औषधं, आणि परवानगी असेल तेवढाच खाऊ. लपवून नेऊ नका. सापडला की कचऱ्यात जातो, आणि मुलांसमोर ते बरं दिसत नाही.

आत गेल्यावर

आधी पाणी कुठं मिळतं ते बघून बाटल्या भरा. झोपाळ्यांच्या रांगेत मुलं "भूक लागली" म्हणतात तेव्हा कधीकधी ती तहानच असते. आधी चार घोट पाणी द्या, दहा मिनिटं थांबा.

दुपारचं जेवण बारा वाजायच्या आत किंवा अडीचनंतर. मधल्या वेळात सगळं पार्क जेवायला येतं आणि त्याच वेळी झोपाळ्यांच्या रांगा मोकळ्या असतात. बाहेर येता येत असेल तर गाडीपाशी दशम्या खाऊन, आत फक्त ताक घ्या. येता येत नसेल तर आत एकच नीट जेवण घ्या, दहा ठिकाणी दहा चिल्लर वस्तू नव्हेत. सगळे फलक एकदा फिरून वाचा. वरण-भात, इडली, राजमा-भात, पोळी-भाजीची थाळी यांपैकी काहीतरी कुठंतरी असतंच, पण ते रंगीत फलकाच्या मागं असतं. थाळी मोठी असते. दोन मोठी माणसं आणि एक लहान यांत दोन थाळ्या पुरतात. कमी पडलं तर मागून घेता येतं.

जेवल्यावर तासभर उलटसुलट फिरणारे झोपाळे नकोत. तो वेळ एखाद्या खेळाला, मिरवणुकीला किंवा नुसतं सावलीत बसायला ठेवा. वॉटर पार्कात तर भूक दुप्पट लागते, आणि ओल्या हातानंच खाल्लं जातं. साबणानं हात धुतल्याशिवाय घास नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

कोल्याबद्दल थोडं सांगते, कारण खरी साखर तिथं आहे. साध्या कोल्यात दर 100 मिलीला साधारण 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर मोठ्या माणसालाही दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत ठेवा असं सुचवते. एका बाटलीत सगळं संपलं. त्याऐवजी ताक, लिंबूसरबत किंवा शहाळं. मुलं हट्ट करतात, त्यावर आमचा उपाय असा आहे: प्रत्येक मुलाच्या हातात सकाळीच ठरावीक रक्कम द्यायची. त्यात दिवसभरात हवी ती एक वस्तू, त्यानंतर मागायचं नाही. भाचीनं गेल्या पावसाळ्यात ते पैसे संध्याकाळपर्यंत मुठीत सांभाळले. दहा दुकानं बघितली, कॉटन कँडीपाशी दोनदा थांबली, आणि शेवटी बाहेर येऊन रस्त्यावर भाजलेलं कणीस घेतलं, लिंबू-मीठ चोळून. उरलेले पैसे मला परत आणून दिले.

बंद बाटली किंवा पुडा काउंटरवरून घेताना छापील किंमत वाचा. दुकानदाराला त्याहून जास्त घेता येत नाही. टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलांची गोष्ट वेगळी आहे. जास्त मागितले तर पावती घ्या, फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा.

घरात मधुमेही असेल तर

गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबू देऊ नका. रांगेत त्यांना उभं न करता आधी बसवा. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं नाही तर तेवढीच परत द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला हाक मारा. साखरेची पुडी पर्समध्ये नको, त्यांच्याच खिशात असू द्या. सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत आता ती कायम असते.

जुलाब-उलट्या झाल्यास मेडिकलमधून ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी घ्या, तीही जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे माप बदलू नका.

परतताना

संध्याकाळी सगळे दमलेले असतात आणि दारातल्या पहिल्या हॉटेलात शिरतात. दहा मिनिटं थांबा, गाडीतले शेंगदाणे-गूळ वाटा, पाणी प्या, आणि हमरस्त्याला लागल्यावर जिथं ट्रकवाले नि कुटुंबं दोन्ही थांबलेली दिसतात तिथं जेवा. रात्रीच्या घाटाच्या प्रवासाला हलकंच: मूगडाळीची खिचडी, कढी, वरण-भात. तिखट रस्सा घरी पोचल्यावर. शिर्डीहून परतत असाल तर साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात साधं, पोटभर जेवण होतं. गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी धरून चाला.

उन्हाळा सोडून एरवी उरलेल्या दशम्या तोवर तीन-चारच असतात. मनमाड किंवा मालेगावच्या आसपास मुलं झोपेतून उठून त्याच मागतात, म्हणून आम्ही गुळाच्या दोन बाजूला काढून ठेवतो.