अलास्का हायवेवर आरव्ही नेताय? या चुका टाळा

अलास्का हायवे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो, युकॉन प्रदेशातून जातो आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला संपतो. मधलं अंतर सुमारे २,२०० किलोमीटर. १९४२ साली अमेरिकी लष्कराने युद्धाच्या घाईत काढलेला हा रस्ता आज जवळपास सगळा डांबरी आहे, आणि गफलत तिथूनच सुरू होते. डांबर म्हटलं की माणूस नकाशावर वीत ठेवून दिवस मोजायला बसतो. या वाटेवर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटरहोम किंवा ट्रेलर, नेताना होणाऱ्या बहुतेक चुका तशा क्षुल्लक असतात. पण गॅरेज दोनशे किलोमीटरवर, फोनला रेंज नाही आणि हवा तो सुटा भाग यायला चार दिवस, अशा ठिकाणी त्या क्षुल्लक राहत नाहीत.

दिवसाला सहाशे किलोमीटरचा बेत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटी जन्मतात.

उन्हाळा हा फिरण्याचा हंगाम, तसाच रस्तादुरुस्तीचाही. खडी उकरून ठेवलेल्या पट्ट्यात वाट दाखवणाऱ्या पायलट कारच्या मागून रांगेने जावं लागतं, आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. लिआर्ड नदीच्या परिसरात बायसनचे कळप रस्त्याच्या कडेला, कधी रस्त्यावरच असतात. हॉर्न वाजवून ते हलत नाहीत, आणि वाजवूही नये. त्यात घाट आहेत. फोर्ट नेल्सनच्या पुढे समिट पास हा या हायवेवरचा सगळ्यात उंच भाग, सुमारे १,३०० मीटर. आठ-नऊ मीटर लांबीची गाडी तिथे कारसारखी पळत नाही.

दुसरा फसवा मामला उजेडाचा. जूनच्या उत्तरार्धात युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला दिवस सुमारे १९ तासांचा असतो, आणि उरलेल्या वेळातही पुरता काळोख पडत नाही. "अजून ऊन आहे, जाऊ पुढे" म्हणत लोक रात्री अकरापर्यंत गाडी हाकतात. सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये बहुतेक जागा आधी येईल त्याच्या असतात, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात. शीण मात्र दुसऱ्या दिवशी कळतो. मोठ्या गाडीला दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटर पुष्कळ झाले. खिडक्यांना जाड पडदे लावा, आणि झोपायची वेळ उजेडावर नव्हे, घड्याळावर ठरवा.

आठवड्यातला एक दिवस तरी कशासाठीही न राखलेला असावा. मे २०२४ मध्ये वणव्यामुळे फोर्ट नेल्सन गाव रिकामं करावं लागलं होतं. जून २०१२ मध्ये पुराने हायवे वाहून गेला आणि प्रवासी अडकून पडले. असं दरवर्षी होत नाही. पण गाडी परत करायच्या दुसऱ्याच दिवशी विमान धरायचं असेल, तर साधा धुराचा लोटही पुरेसा असतो. सकाळी निघण्याआधी ड्राइव्ह-बीसी, ५११ युकॉन आणि ५११ अलास्का या रस्तेमाहितीच्या सेवा बघून घ्या. पुढच्या दोन तासांत रेंज जाणार हे गृहीत धरून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळत असेल, तर ते सोबत असावं.

लाटांचा रस्ता

क्लुएन सरोवराच्या काठचं डिस्ट्रक्शन बे सोडलं की अलास्काच्या सीमेपर्यंत रस्त्याला लाटा येतात. खालची जमीन कायम गोठलेली असते. डांबर ऊन शोषतं, खालचा बर्फ वितळतो, जमीन कुठे खचते आणि कुठे फुगते. वरून डांबर गुळगुळीत दिसतं, म्हणून वेग कमी करायचं सुचत नाही. मग मोटरहोमचा मागचा लांब भाग रस्त्याला घासतो, ट्रेलर असेल तर जोडावर हिसके बसतात आणि आत कपाटांची दारं उघडून सगळी भांडी जमिनीवर येतात.

वाईट उंचवट्यांपाशी कडेला छोटी निशाणं लावलेली असतात, पण सगळीकडे नाही. रस्त्यामधली पिवळी रेघ नागमोडी दिसली की समजायचं. इथे ताशी साठच्या आतबाहेर राहावं, मागच्याला घाई असेल तर जागा बघून त्याला पुढे जाऊ द्यावं. या पट्ट्यातून बाहेर आल्यावर चहासाठी थांबाल तेव्हा चाकांचे नट, ट्रेलरचा जोड, मागे लावलेल्या सायकली आणि सिंकखालचे पाइप हाताने तपासा. सिंकखालचा सैल झालेला सांधा त्या वेळी दोन मिनिटांचं काम असतो. रात्री पंप चालू केल्यावर तो ओल्या गाद्यांचा प्रश्न होतो.

डिझेल-पेट्रोलबद्दल थोडक्यात: टाकी निम्म्यावर आली की भरायची, भाव बघायचा नाही. जुन्या माहितीत दिसणारे काही पंप आणि लॉज आता बंद आहेत. डेम्पस्टर आणि डाल्टन या खडीच्या रस्त्यांचा मोह असेल तर आधी भाडेकरार वाचा. बहुतेक भाड्याच्या आरव्हींना तिथे बंदी असते, आणि तिथून गाडी ओढून आणायचा खर्च तुमचा. डाल्टनवर कोल्डफूट ते डेडहॉर्स हे सुमारे ३८५ किलोमीटर एकही पंप नाही.

टायर चांगले दिसतात म्हणून चांगले समजणं

आरव्ही वर्षातले आठ-नऊ महिने उभी असते. टायरची नक्षी शाबूत असते, रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांपाशी कोरलेल्या आकड्यांतले शेवटचे चार बघा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर असेल तर तो घेऊन उत्तरेकडे निघू नका. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची, कारण तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. स्पेअर आहे एवढं पुरत नाही. पाना त्या नटांना बसतो का आणि जॅक एवढं वजन उचलतो का, हे घरीच करून बघा.

समोरून ट्रक आला की खडीच्या पट्ट्यात वेग एकदम कमी करून उजवीकडे राहा. काचेला टवका उडालाच तर पुढच्या गावात तो लगेच भरून घ्या. एका थंड रात्रीनंतर त्याची चीर होते. युकॉनमध्ये हायवेवर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं बंधनकारक आहे.

घाट उतरताना खालचा गिअर टाका. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर जळका वास येईल. वास आला की सपाट जागा बघून थांबायचं आणि चाकं आपोआप निवू द्यायची. त्यांच्यावर पाणी ओतू नका.

गाडीच्या आतल्या तक्रारी

फ्रिज गार होत नाही. प्रोपेनवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी कलती उभी असेल तर ते अडतं, आणि फ्रिज तसाच बराच काळ चालू ठेवला तर तो कायमचा जातो. म्हणून जागेवर आल्या आल्या आधी लेव्हल, मग बाकीचं. चाकांखाली घालायच्या फळ्या सोबत हव्यातच.

हीटर: पंखा फिरतो, पण आग पेटत नाही. लोक लगेच प्रोपेनच्या सिलिंडरवर संशय घेतात. आधी बॅटरी बघा. आत एक छोटी पाती असते. पंख्याचा झोत पुरेसा असेल तरच ती ढकलली जाते आणि पेटवणीला परवानगी मिळते. बॅटरी उतरली की पंखा फिरतो, पण मंद. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नसते, त्यामुळे हे पहाटे तीनच्या थंडीतच घडतं. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका, आणि दाट झाडीत सोलर पॅनेलकडून फार अपेक्षा ठेवू नका. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपणं हा मात्र जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का हे बटण दाबून बघा. जनरेटरचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जात नाही ना, हेही.

संडासाची टाकी. तिची झडप नेहमी बंद ठेवायची आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. झडप उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि उरलेल्याचा आत डोंगर होतो, जो कुठल्याच रसायनाला दाद देत नाही. आधी संडासाची टाकी, मग सिंक-अंघोळीची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुतली जाते. कॅनडात टाकी रिकामी करायच्या जागेला 'सॅनी-डंप' म्हणतात. पुढची कुठे आहे हे आजच बघून ठेवा.

कॅम्पग्राउंडमधला हातपंप दिसला की बाटल्या भरायला धावू नका. पाणी उकळून प्या असा फलक अनेक ठिकाणी असतो. ऑगस्टअखेरीस रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, तेव्हा बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवा.

मासेमारी: एक परवाना, सगळं पाणी

असं नसतं. ब्रिटिश कोलंबियाचा परवाना वेगळा, युकॉनचा वेगळा, अलास्काचा वेगळा. क्लुएनसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या पाण्यासाठी आणखी वेगळा. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्या-ओढ्यांत गळाला उलटा दात चालत नाही. पक्कड घेऊन तो दाबून टाकलेला हवा. अलास्कात किंग सॅमनसाठी परवान्यावर जादा स्टँप लागतो, आणि हंगामाच्या मध्यातही तातडीचा आदेश काढून नदी बंद करतात. युकॉन नदीतल्या चिनूक (म्हणजेच किंग) सॅमनचं तर नावच काढू नका. ते इतके घटले की कॅनडा आणि अलास्काने एप्रिल २०२४ मध्ये सात वर्षांसाठी, म्हणजे या माशाच्या एका पूर्ण आयुष्यचक्राएवढ्या काळासाठी, त्यांची मासेमारी थांबवण्याचा करार केला. नियमपुस्तिका दरवर्षी बदलते, गेल्या वर्षीची वापरू नका.

फुगवायची बोट किंवा कयाक सोबत असेल तर ब्रिटिश कोलंबियात नौका-तपासणी केंद्र दिसलं की थांबणं सक्तीचं आहे. 'आमची तर एवढीशी' ही सबब चालत नाही. परक्या शिंपल्या अशाच ओल्या कोपऱ्यांतून नव्या पाण्यात पोचतात.

मासा लागत नाही, ही तक्रार मुख्यतः चुकीच्या जागेची असते. लेक ट्राउटला थंड पाणी लागतं. सरोवरावरचा बर्फ गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे तो काठाजवळ मिळतो, जुलैत खोल जातो. तेव्हा काठावरून दिवसभर गळ फेकून हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. जुलैत काठावरच बसायचं असेल तर ग्रेलिंगच्या मागे लागा. ओढा जिथे सरोवराला किंवा मोठ्या नदीला मिळतो तिथे, अगदी छोटा स्पिनर किंवा माशीसारखं आमिष लावून. जाड दोरी आणि बोटभर लांबीची चमकी बघून ग्रेलिंग फिरकत नाही. पाइक उथळ, पाणवनस्पतींच्या खाडीत दबा धरून असतो. त्याचे दात साधी दोरी सहज कापतात, म्हणून गळाच्या आधी वीतभर तारेचा तुकडा (लीडर) हवा.

या गार पाण्यात मासे फार सावकाश वाढतात. हातभर लांबीचा लेक ट्राउट अनेक दशकांचा असू शकतो. म्हणूनच कित्येक सरोवरांत ठरावीक लांबीच्या वरचा मासा सोडून द्यावाच लागतो. सोडायचा तर हात ओले करून धरा, पाण्यातच ठेवून गळ काढा, फोटो एकच.

आणि वारा. क्लुएन, टेस्लिन, लबार्ज ही लांबलचक सरोवरं सकाळी आरशासारखी असतात आणि दुपारी त्यांवर लाटा उठतात. पाणी इतकं गार की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं. काठ सोडून फार आत जाऊ नका.

अस्वल आणि माशाचा वास

मासा मुक्कामाच्या जागेपाशी साफ करणं ही इथली सगळ्यात बेजबाबदार चूक, कारण तिची किंमत पुढच्या रात्री त्या जागेवर येणारा दुसराच कोणी मोजतो. मासे साफ करायची जागा नेमलेली असेल तर तिथेच करा. नसेल तर कॅम्पग्राउंडच्या फलकावर जे लिहिलंय ते करा. कूलर, तेलकट तवा, कुत्र्याचं खाणं, माशाचं पाणी लागलेली पँट, यातलं काहीही रात्री बाहेर नको. क्लुएनच्या काठच्या कॉन्गडन क्रीक कॅम्पग्राउंडभोवती सोपबेरीची झुडपं आहेत. बेरी पिकल्या की अस्वलं तिथे चरायला येतात, म्हणून तंबूवाल्यांसाठी विजेच्या कुंपणातली जागा केलेली आहे. आरव्हीच्या भिंती पक्क्या असल्या तरी मुलांचा वेगळा तंबू बाहेर लावायचा हट्ट तिथे पुरवू नका.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला परतवायचा फवारा, विमानात नेता येत नाही, तिथेच विकत घ्या. तो पाठीवरच्या पिशवीत नव्हे, कमरेला हवा. मारा जेमतेम काही मीटरचा असतो. डास पळवायच्या औषधासारखा तंबूवर किंवा अंगावर फवारायचा नसतो. आणि उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर तर डबा मुळीच ठेवू नका.

सीमेवर

कॅनडातून अलास्कात जाऊन परत यायचं म्हणजे दोन्ही देशांचे व्हिसा. भाड्याची गाडी सीमेपार न्यायची लेखी परवानगीही लागते. सरपणाच्या मोळ्या सीमेपार नेऊ नका, लाकडातून कीड पसरते. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये लाकूड तसंही जागेवर मिळतं.

डॉसन सिटीहून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने अलास्कात जाणार असाल तर घड्याळ जपा. तिथली चौकी फक्त उन्हाळ्यात उघडते आणि रात्री बंद असते. अलास्काच्या वेळेने सकाळी ८ ते रात्री ८, म्हणजे युकॉनच्या वेळेने ९ ते ९. त्याआधी डॉसनला युकॉन नदी फेरीबोटीने ओलांडायची असते आणि तिथे आरव्हींची रांग लागते. शिवाय फेरीबोटीवर प्रोपेन बंद करावा लागतो. उतरल्यावर तो परत चालू करायला लोक विसरतात, आणि संध्याकाळी फ्रिज बिघडला म्हणून मेकॅनिक शोधत बसतात.