मालिकेत ट्रान्स पात्र लिहिताय? मग पटकथेला बसण्याआधी हे वाचा

मालिका असो नाहीतर वेब सिरीज, ट्रान्स पात्र (म्हणजे जन्मावेळी ठरवलेलं लिंग वेगळं आणि स्वतःची ओळख वेगळी असलेलं) घ्यायचं ठरलं की बहुतेक रायटर आधी एकच गोष्ट शोधायला लागतात, ते ट्रान्स आहे हे सगळ्यांना कळणार कधी? म्हणजे तो एक मोठा एपिसोड, घरच्यांचे चेहरे, रडारड, थोबाडीत, आणि तो ट्रॅक संपला की त्या पात्राला करायला काहीच उरत नाही, मग ते हळूहळू गायब होतं. म्हणून तिथून सुरुवातच करू नका. आधी कागदावर लिहा की या माणसाला काय हवंय, कशासाठी ती भांडेल, कुणावर जळेल, कुठल्या बाबतीत खोटं बोलेल. ट्रान्स असण्याचा मुद्दा घडीभर बाजूला ठेवून ही उत्तरं येत नसतील तर पात्र अजून तयारच झालेलं नाही.

'पोझ' ही सिरीज (२०१८ ते २०२१) यासाठी नीट बघा. त्यातली ब्लँका ट्रान्स आहे, एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, आणि हे तिच्या आयुष्यात सगळीकडे आहे, पण तिची धडपड वेगळीच चाललेली असते. घरातून हाकललेल्या पोरांसाठी तिला घर उभं करायचंय, त्यातल्या एकाला डान्स स्कूलमध्ये घ्या म्हणून ती विनवण्या करते, पुढे स्वतःचं नेल सलून काढायला निघते तर जागेच्या मालकिणीशी जुंपते. प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो कारण सलून चालायला हवं असं त्यालाही वाटायला लागतं. आणि हो, ती शेवटी जिवंत राहते, हे मुद्दाम सांगतोय.

मुद्दाम अशासाठी की ट्रान्स पात्रांना मारून टाकायची टीव्हीला फार जुनी सवय आहे. अमेरिकेतल्या ग्लॅड या संस्थेने २००२ पासूनच्या दहा वर्षांतले तिथल्या टीव्हीवरचे ट्रान्स पात्रांचे १०२ एपिसोड आणि कथानकं तपासली होती, त्यात ५४ टक्के चित्रण नकारात्मक निघालं, निदान ४० टक्के ठिकाणी ते पात्र कुणाचा तरी बळी होतं आणि २१ टक्के ठिकाणी खुनी किंवा खलनायक. पेशा दाखवला तर सगळ्यात जास्त वेळा वेश्याव्यवसाय. तुमच्या ड्राफ्टमध्ये पात्र मरत असेल तर स्वतःला विचारा की हे मरण कुणासाठी लिहिलंय, नायकाला धडा मिळावा म्हणून का? तसं असेल तर कापा.

याची उलटी बाजूही तितकीच वाईट आहे हां, ती म्हणजे देवमाणूस बनवणं. सतत समजूतदार, सतत माफ करणारी, सगळ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून निघून जाणारी. असं पात्र कुणाला दुखवत नाही पण लक्षातही राहत नाही. तिला चिडू दे, चुकू दे, मैत्रिणीशी अबोला धरू दे, स्वार्थीपणा करू दे. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' या सिरीजमधली ट्रान्स बाई सोफिया क्रेडिट कार्डच्या फसवणुकीत तुरुंगात आलेली आहे, तिने बायको-मुलाला दुखावलंय, आणि तरी तिची हॉर्मोनची औषधं कमी केली जातात तेव्हा आपला जीव तुटतो. ट्रान्स माणसाच्या आयुष्यातली अडचण दाखवायची तर अशी दाखवा, औषध मिळत नाही, कागदावर जुनं नाव आहे, भाड्याने घर मिळत नाही, असली ठोस. ऑपरेशन झालंय का नाही हा प्रश्न पटकथेत आलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. कुणी कपडे ओढून खरं उघड करतंय असला सीन तर कितीही टीआरपी देणारा वाटला तरी लिहू नका. आरशासमोर रडण्याचा सीनही आता पुरे झाला.

मग कळण्याचा प्रसंग दाखवायचाच नाही का? दाखवा, पण त्यात सूत्र पात्राच्या हातात ठेवा. कुणाला, कधी, किती सांगायचं हे तिने ठरवायचं, कॅमेऱ्याने चोरून बघायचं नाही. दोन चांगले रस्ते आहेत. 'हार्टस्टॉपर' सिरीजमध्ये (२०२२) एल ही ट्रान्स मुलगी आधीच मुलींच्या शाळेत गेलेली असते, कथा तिथून पुढे चालू होते, नवी शाळा, नव्या मैत्रिणी, आणि जुन्या मित्रावरचं प्रेम. दुसरा रस्ता 'द अम्ब्रेला अकॅडमी' या सिरीजचा, त्यातला कलाकार एलियट पेज स्वतः ट्रान्स म्हणून समोर आला त्यानंतरच्या तिसऱ्या सीझनमध्ये त्याचं पात्र केस कापून येतं, भावंडांना आपलं नाव व्हिक्टर असल्याचं सांगतं, ती ऐकतात, मान्य करतात आणि जग वाचवायच्या कामाला लागतात. मिनिटभराचा प्रसंग. कुटुंबाने चांगलं वागणं हेही नाट्य असू शकतं यावर विश्वास ठेवा.

आता संवाद, आणि मराठीत लिहिणाऱ्याने इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचाय, कारण आपल्या क्रियापदातच सगळं येतं. 'मी आलो' की 'मी आले' हे पात्र तोंड उघडताच कळतं. पहिला नियम हा की स्क्रिप्टमधल्या वर्णनात आणि पात्राच्या नावात पहिल्या पानापासून तिचंच नाव, तिचंच लिंग, फ्लॅशबॅक असला तरी. द्वेष करणारं पात्र मुद्दाम 'तो' म्हणेल, म्हणू दे, पण लेखकाने आपल्या वर्णनात तसं लिहिलं की डायरेक्टर, कॉस्च्युमवाले, सेटवरची पोरं सगळे तेच म्हणायला लागतात.

दुसरं म्हणजे अजून कुणाला न सांगितलेलं पात्र कसं बोलेल याचा विचार करा. 'मला जायचंय', 'मी उद्या येईन', 'माझं झालं जेवून', 'निघूया आपण', यात लिंग कुठेच येत नाही बघा. असं पात्र दहा एपिसोड स्वतःबद्दल असंच वाट काढत बोलतंय आणि मग एके दिवशी मैत्रिणीला फोनवर सहज 'मी पोचले' म्हणतंय, हा सीन लिहिलात तर वेगळा खुलासा लागणारच नाही. आजीने एकदा काही न बोलता 'आलीस का गं' म्हणणं यात जे आहे ते पानभर स्वगतात येणार नाही. आई चुकून 'तो' म्हणाली तर तिला दुरुस्त करून पुढे जाऊ द्या, तिच्या अपराधीपणावर अख्खा सीन घालवू नका, नाहीतर सीन आईचा होतो. नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना पुरुष ना बाई मानणारं पात्र असेल तर सरळ 'ते' लावून मोकळं होऊ नका, ती भूमिका करणाऱ्या माणसाला विचारा, प्रत्येकाची पसंती वेगळी असते. जुनं नाव प्रेक्षकाला कळायलाच हवं असंही काही नाही.

कास्टिंगबद्दल मी ठाम आहे, ट्रान्स पात्र ट्रान्स कलाकारानेच करावं. ट्रान्स बाईची भूमिका साडी नेसवून पुरुष नटाला दिली की शंभर चांगले संवाद लिहूनही बघणाऱ्याच्या डोक्यात एकच राहतं की हा शेवटी पुरुषच. 'ट्रान्सपरंट' सिरीजमधल्या ट्रान्स बाईच्या भूमिकेसाठी एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार घेताना २०१६ मध्ये खुद्द जेफ्री टँबर म्हणाला होता की ट्रान्स बाईची भूमिका करणारा मी शेवटचा सिसजेंडर (म्हणजे ट्रान्स नसलेला) पुरुष ठरलो तरी मला दुःख होणार नाही. कलाकार मिळत नाहीत ही सबब टिकत नाही, 'पोझ'मध्ये पाच ट्रान्स कलाकार मुख्य भूमिकांत होते आणि त्यातल्या एमजे रॉड्रिग्जला २०२१ मध्ये मुख्य अभिनेत्रीचं एमी नामांकनही मिळालं. फ्लॅशबॅकमध्ये आधीचं रूप कुणी करायचं ही अडचणही सुटते, सोफियाचं आधीचं रूप ती भूमिका करणाऱ्या लॅव्हर्न कॉक्सच्या खऱ्या जुळ्या भावाने केलं होतं. हे सरसकट जमत नाही हे मान्य, पण मग तो फ्लॅशबॅक खरंच हवाय का तेही बघा.

नुसतं कॅमेऱ्यासमोर घेऊन भागत नाही. 'पोझ'च्या लेखकांत जॅनेट मॉक आणि अवर लेडी जे या दोन ट्रान्स बायका होत्या, मॉकने तर एपिसोड दिग्दर्शितही केले. तुमच्याकडे कायमचा लेखक घ्यायचं बजेट नसेल तर सल्लागार घ्या, पण कथा ठरतानाच घ्या. संवाद लॉक झाल्यावर 'जरा नजर टाका' म्हणून पाठवायचं आणि बदल सुचवले की शूट उद्या आहे म्हणायचं, याला सल्ला घेणं म्हणत नाहीत. पैसे द्या, श्रेयनामावलीत नाव द्या, आणि जमलं तर एकाऐवजी दोघांना विचारा, एका माणसावर अख्ख्या समाजाचं ओझं टाकू नका.

ट्रान्स पुरुष टीव्हीवर अजूनही फारच कमी दिसतात. ब्रिटनच्या 'ईस्टएंडर्स' मालिकेने २०१५ मध्ये राइली कार्टर मिलिंग्टन या ट्रान्स अभिनेत्याला काइल या ट्रान्स पुरुषाची भूमिका दिली तेव्हा केवढी चर्चा झाली. तुमच्या कथेत भाऊ, मेकॅनिक, नवा शेजारी असं कुणी असेल तर तिथे विचार करून बघा.

रोजच्या मालिकेची एक मोठी ताकद आहे, वेळ. ब्रिटनच्याच 'कॉरोनेशन स्ट्रीट' मालिकेत हेली क्रॉपर ही ट्रान्स बाई १९९८ मध्ये आली आणि २०१४ पर्यंत राहिली. भूमिका करणारी अभिनेत्री ट्रान्स नव्हती, आज तसं कास्टिंग मी करणार नाही, पण इतकी वर्षं लोकांनी तिला कामावर जाताना, नवऱ्याशी वाद घालताना, चहा पिताना पाहिलं. पाहुणी म्हणून दोन एपिसोडपुरतं आणण्यापेक्षा छोटं पण टिकणारं पात्र द्या.

आणि हे सगळं नीट केलं तरी प्रोमोत घोटाळा होतो, तो लेखकाच्या हातात नसतो म्हणून आधीच बोलून ठेवा. धक्कादायक संगीत, चेहऱ्यावर तीनदा झूम, 'काय आहे तिचं रहस्य?' असली ओळ, एवढ्याने सहा महिन्यांचं काम वाया जातं. चॅनलच्या क्रिएटिव्हला सांगा की प्रोमोत तिची ओळख हे रहस्य म्हणून वापरायचं नाही, शक्य असेल तर ते करारातच येऊ दे. मुलाखतींत कलाकाराला शरीराबद्दल प्रश्न येणार नाहीत हे पीआरवाल्यांनी पत्रकारांना आधी कळवायचं. एपिसोड पडला की सोशल मीडियावर घाण येणार हे धरून चला, कमेंट साफ करायला चॅनलचा माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा, ते काम त्या कलाकाराने रात्री घरी बसून करायचं नसतं.